दादरचे एक पोळी-भाजी केंद्र आणि देशाचे उत्पन्न: एका हिशोबाचा अभ्यास

दादर पश्चिमेला जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दोन खणांची एक खोली आहे असे धरू. पुढच्या खणात पोळी-भाजी केंद्र, मागच्या खणात ते चालवणाऱ्या काकूंचे बिऱ्हाड. हे केंद्र नमुन्यादाखल रचलेले आहे. आकडे कोणा एका दुकानाच्या वहीतले नाहीत, पण मुंबईत अशी केंद्रे ज्या बेताने चालतात त्याच बेताने बसवले आहेत. प्रश्न दोन आहेत. या खोलीतून महिन्याला देशाच्या उत्पन्नात किती भर पडते? आणि त्यातली किती सरकारी आकड्यापर्यंत पोहोचते?

पाठ्यपुस्तकात राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या अडचणींची यादी असते: दुहेरी मोजदाद, घसारा, असंघटित क्षेत्र, बिनपगारी घरकाम, किमतीतले बदल. सगळ्या अडचणी एकाच जागी बघायच्या तर पोळी-भाजी केंद्रासारखी जागा नाही. कारखान्याचा ताळेबंद असतो, शेतीचे पीक-कापणी प्रयोग असतात. इथे असतो फक्त एक गल्ला, आणि त्या गल्ल्यातूनच दूधवाल्याचेही पैसे जातात.

आधी खरा हिशोब

केंद्रात रोज ११ किलो कणीक भिजते. किलोला साधारण ४० पोळ्या, म्हणजे ४४०. त्यातल्या ४०० विकल्या जातात, १२ कामाच्या माणसांच्या जेवणात जातात, पंचवीसेक घरात, उरलेल्या करपतात किंवा फाटतात. पोळी ८ रुपयांना. भाजीचे ४० डबे, प्रत्येकी ५० रुपये. महिन्याचे २६ दिवस.

पोळ्यांचे ८३,२०० आणि भाजीचे ५२,००० मिळून विक्री १,३५,२०० रुपये.

खर्चाची बाजू अशी. कणीक २८६ किलो, ४० रुपयांनी ११,४४०. भाजीपाला रोज ९ किलो, सरासरी ६० रुपयांनी १४,०४०. तेल ४,५००. मसाले, दाण्याचे कूट, ओले खोबरे, मीठ ५,०००. १९ किलोचे तीन व्यावसायिक सिलिंडर ५,४००. वीज-पाणी २,२००. फॉइल, डबे, पिशव्या ४,२००. झाडू, साबण, फोन ५००. खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्यावर घेतलेली; भाडे ८४०, त्यातले धंद्याच्या खणाचे निम्मे म्हणजे ४२०. एकूण ४७,७००.

विक्रीतून हे वजा केले की ८७,५०० उरतात. हीच केंद्राची स्थूल मूल्यवृद्धी. देशाच्या उत्पन्नात एवढीच भर धरायची, १,३५,२०० नव्हे. पगार इथे वजा करायचे नाहीत. नव्याने हिशोब करणारा हमखास इथेच चुकतो, कारण दुकानदाराच्या डोक्यात पगार हा खर्च असतो. देशाच्या हिशोबात तो कोणाचे तरी उत्पन्न असतो.

उत्पन्नाच्या बाजूने तोच आकडा जुळवून बघू. पोळ्या लाटायला ठाणे जिल्ह्यातल्या दिव्याहून दोघीजणी येतात, एकीला १५,००० आणि दुसरीला १३,०००. डबे पोहोचवणाऱ्या मुलाला ६,०००. पगार झाले ३४,०००. कणीक मळण्याचे यंत्र, शेगड्या, फ्रिज, मिक्सर मिळून १,२६,००० रुपयांचे सामान. सात वर्षे टिकेल असे धरले तर महिन्याचा घसारा १,५००. बाकी ५२,००० काकूंचे. सगळे मिळून ८७,५००.

या ५२,००० ला हिशोबाच्या भाषेत मिश्र उत्पन्न म्हणतात. मजुरी किती आणि नफा किती, हे त्यातून सुटे करता येत नाही. काकू पहाटे पाचपासून उभ्या असतात. सून दुपारपर्यंत भाजीकडे बघते, तिला पगार नाही. सासूबाई बसल्याबसल्या गवार मोडतात, मेथी निवडतात. बाजारभावाने या तिघींची मजुरी काढली तर नफा म्हणून फारसे काही उरणार नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा वाटा अशाच न सुटणाऱ्या गाठोड्यात आहे. म्हणून ‘मजुरांचा वाटा किती, भांडवलाचा किती’ या प्रश्नाचे भारतातले कोणतेही उत्तर जरा सावधपणेच घ्यावे.

दोन-तीन दुरुस्त्या, ज्या कोणी करत नाही

कामाच्या तिघांना रोज एक जेवण मिळते: चार पोळ्या आणि भाजी, म्हणजे विक्रीच्या भावाने ८२ रुपये. महिन्याचे ६,३९६. हा वस्तुरूप पगार आहे. तो उत्पादनातही धरायला हवा आणि पगारातही. कच्चा माल आधीच खर्चात आहे, त्यामुळे मूल्यवृद्धी तेवढ्याने वाढते.

घरची माणसेही त्याच पातेल्यातले जेवतात. घरच्यांसाठी घरात शिजवलेल्या जेवणातले श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, तसा आंतरराष्ट्रीय संकेतच आहे. पण घरच्यांच्या पोटात गेलेला कच्चा माल धंद्याच्या खर्चातून काढायला हवा. तो कुटुंबाचा उपभोग झाला. तो २,४०० रुपयांचा धरला, तर मूल्यवृद्धी तितकी वाढते.

उलट दिशेची एक चूक गॅसची. सणावाराला तीन सिलिंडर पुरत नाहीत, तेव्हा मागच्या खणातला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर पुढे येतो. त्याचे सुमारे ८५० रुपये कुटुंबाच्या खर्चात दिसतात, प्रत्यक्षात ते पोळ्यांवर जळालेले असतात. नियमात हे बसत नाही, म्हणून विचारले तर कोणी सांगतही नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात याचा परिणाम दुहेरी: अंतिम उपभोग फुगतो आणि केंद्राचा खर्च कमी दिसतो. दोन खणांना विजेचा मीटर एकच असेल तर तीच गत.

८७,५०० अधिक ६,३९६ अधिक २,४०० वजा ८५०: खरी मूल्यवृद्धी ९५,४४६ रुपये. म्हणजे वहीतल्या आकड्याहून नऊ टक्के जास्त, तेही वही नीट ठेवली आहे असे धरून.

पागडीचे प्रकरण वेगळे आणि खास मुंबईचे. समजा बाजारात अशा खोलीला २०,००० भाडे येते. धंद्याच्या खणाचे १०,००० ऐवजी ४२० भाडे दिल्याने एकूण आकडा बिघडत नाही: घरमालकाचे उत्पन्न जितके कमी, तितके काकूंचे जास्त. राहत्या खणाचे तसे नाही. तिथे निवाऱ्याची सेवा दहा हजारांची घेतली जाते आणि नोंद होते ४२० ची. फरक कोणाच्याच उत्पन्नात जात नाही, तो हिशोबातून गळतोच. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याचे मानीव भाडे, म्हणजे प्रत्यक्ष दिले नसले तरी दिले असे मानलेले भाडे, राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. पागडीवाल्याचे मात्र प्रत्यक्ष दिलेले भाडे धरायचे. गिरगाव, लालबाग, दादर पट्ट्यातल्या चाळींचा विचार केला की ही गळती किरकोळ नाही हे ध्यानात येते.

सर्वेक्षक दारात येतो

आता सरकारी आकड्याच्या बाजूने बघू. गणपतीत केंद्र दहा दिवस बंद असते ते सोडून काकूंची विक्री वर्षाला १५,७०,४०० आणि दिवाळीच्या फराळाचे अडीच लाख, मिळून १८,२०,४००. सेवांसाठीची जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, त्यामुळे जीएसटीच्या नोंदीत केंद्र नाही. कामगार मोजकेच असल्याने दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, नुसती सूचना पुरते, तीही दिली असेल तर. कंपनी नसल्यामुळे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ताळेबंद जाण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे प्रशासनाच्या कोणत्याही वहीतून केंद्राचे उत्पन्न कळणार नाही. मार्ग एकच, सर्वेक्षण.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय असंघटित बिगरशेती उद्योगांची वार्षिक पाहणी करते. २०२३-२४ च्या फेरीनुसार देशात असे ७.३४ कोटी उद्योग होते आणि त्यांत १२.०६ कोटी माणसे कामाला होती. ही पाहणी वार्षिक झाली ती २०२१-२२ पासून. त्याआधी २०१०-११ आणि २०१५-१६ अशा पाच वर्षांच्या अंतराने फेऱ्या झाल्या होत्या, आणि मधल्या काळात अंदाजावर भागवले जाई. कसे, ते पुढे येईल.

आधी केंद्र यादीत तर यायला हवे. पाटी असेल तर येते. वरच्या मजल्यावर, बंद दाराआड, फक्त फोनवर ऑर्डर घेणारे केंद्र यादी करणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ मधली. सातवी झाली, पण तिचे निकाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाले नाहीत. त्यामुळे कुठल्या भागात किती उद्योग, याचा ताजा संपूर्ण नकाशा हाताशी नाही.

यादीत आले असे धरू. सर्वेक्षक टॅब घेऊन दारात उभा राहतो.

“काकू, महिन्याची विक्री किती होते?”

“होते आपली. लाखभर असेल.”

इथे करचुकवेगिरी शोधायची गरज नाही. काकूंना महिन्याचा आकडा खरोखर माहीत नसतो. रोजचे पैसे रोज जातात, निम्मे ग्राहक मुलाच्या यूपीआय खात्यावर पाठवतात, आणि त्याच खात्यावरून मोबाईलचे रिचार्जही होते. खर्च मात्र त्यांना तोंडपाठ असतो, कारण तो मोजून द्यावा लागतो. त्यामुळे विक्री १,००,००० आणि खर्च पुरता ४७,७०० अशी नोंद होते. मूल्यवृद्धी ५२,३००.

विक्री २६ टक्क्यांनी कमी सांगितली गेली, पण मूल्यवृद्धी ४० टक्क्यांनी कमी झाली. विक्रीतली सगळी तूट थेट मूल्यवृद्धीवर पडते, खर्च जागचा हलत नाही. म्हणून खर्चाचे प्रमाण जितके जास्त तितकी ही चूक मोठी होते. किराणा दुकानात, जिथे विक्रीतला बहुतेक पैसा मालातच जातो, तिथे असे “लाखभर” मूल्यवृद्धीला पार शून्यावर आणू शकते.

अनुभवी सर्वेक्षक म्हणून रुपयांचा प्रश्न शेवटी ठेवतो. आधी वस्तूंचे विचारतो.

“कणीक किती भिजवता हो रोज?”

“अकरा किलो.”

“किलोत किती पोळ्या बसतात?”

“चाळीस. बारीक असली तर पंचेचाळीस, पण आमची बारीक नसते.”

अकरा किलोला ४४०, घरची-दारची सोडून ४००, ८ रुपयांनी, २६ दिवस. नुसत्या पोळ्यांचेच ८३,२०० झाले. मग “लाखभर” खरे असेल तर भाजीला १६,८०० उरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम तेरा डबे. आणि भाजी तर रोज ९ किलो येते. विसंगती समोर मांडली की काकू स्वतःच डबे मोजून सांगतात. गॅसचीही अशीच पडताळणी होते: तीन सिलिंडर म्हणजे ५७ किलो गॅस, दिवसाला दोन किलोच्या वर. कणीक, गॅस आणि डबे या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर विक्रीचा आकडा बहुधा बरोबर असतो. पाचदहा मिनिटांचे काम आहे, पण रोजची ठरलेली घरे उरकायची असली की सर्वात आधी हीच मिनिटे वाचवली जातात.

महिना कोणता निवडला यानेही फरक पडतो. गणपतीच्या महिन्यात अर्धी चाळ कोकणात जाते आणि केंद्र १६ दिवसच चालते: विक्री ८३,२००. त्याला बाराने गुणले तर वर्षाचे ९,९८,४००. दिवाळीच्या महिन्यात फराळासकट ३,८५,२००. बाराने गुणून ४६,२२,४००. खरा आकडा १८,२०,४००. एका केंद्रासाठी दोन्ही अंदाज हास्यास्पद आहेत. पाहणीतले नमुने वर्षभरावर पसरलेले असतात म्हणून देशाच्या पातळीवर हे चढउतार एकमेकांत मुरतात. एखाद्या वॉर्डाचा किंवा एकाच व्यवसायाचा आकडा त्याच पाहणीतून काढायला गेले की मुरत नाहीत, आणि तसे काढणारे बरेच असतात.

“सून घरीच असते”

केंद्राची विक्री बरोबर लिहिली गेली तरी देशाचा अंदाज तेवढ्यावर होत नाही. असंघटित क्षेत्रासाठी साधारण रीत अशी: उद्योगांच्या पाहणीतून दर कामगारामागची मूल्यवृद्धी काढायची, कुटुंबांच्या रोजगार पाहणीतून त्या व्यवसायात किती माणसे आहेत ते काढायचे, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. यादीत न आलेले केंद्रही या मार्गाने मोजले जाते, कारण दिव्याच्या दोघी त्यांच्या घरच्या पाहणीत “पोळ्या लाटायला जाते” असे सांगतात. रीत हुशारीची आहे.

फसते ती सुनेपाशी. रोजगार पाहणीवाला विचारतो, “सूनबाई काय करतात?” उत्तर येते, “काही नाही, घरीच असते.” ती रोज सहा तास केंद्रात उभी असते, पण ते काम कोणी काम म्हणून सांगत नाही, ती स्वतःसुद्धा. घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस ही नियमानुसार कामगारच आहे आणि तिच्यासाठी वेगळा संकेतांक आहे. खोदून विचारले तर नोंद होते, नाहीतर कामगार एकाने कमी. २०११-१२ हे तुलनेचे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या आकड्यांच्या मालिकेपासून मालक, पगारी कामगार आणि घरचा मदतनीस यांना वेगवेगळे वजन देण्याची पद्धत आली, कारण आधी सगळे सारखेच धरल्याने व्यापारासारख्या क्षेत्राचा आकडा फुगत होता. वजन कितीही नेमके ठरवले तरी जी नोंदलीच नाही तिला ते लावणार कसे?

सुनेचे मागच्या खणातले काम तर नियमानेच बाहेर आहे. वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रिया, ज्या घरकाम करतात त्या, बिनपगारी घरकामाला दिवसाला २०१९ मध्ये २९९ आणि २०२४ मध्ये २८९ मिनिटे देत होत्या. पुरुष अनुक्रमे ९७ आणि ८८. हे काम मोजले गेले आहे, पण रुपयांत धरून उत्पन्नात मिळवलेले नाही. केंद्रातून रोज ४०० पोळ्या जातात. त्या न मिळाल्या तर ग्राहकांच्या घरी लाटल्या जातील, खाल्ल्या तेवढ्याच जातील आणि उत्पन्न मात्र घटेल. २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये नेमके हे झाले. त्या तिमाहीत देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी आकसल्याचा पहिला अंदाज आला. आकसलेले सगळेच खरे नुकसान होते असे नाही, थोडे काम बाजारातून स्वयंपाकघरात सरकले होते. आणि नुकसान त्या आकड्याइतकेच होते असेही नाही, कारण केंद्रांसारख्या ठिकाणचे त्या वेळी कोणाकडे काहीच येत नव्हते.

पाहणी पाच वर्षांनी होई तेव्हा दोन फेऱ्यांमधल्या वर्षांचा अंदाज संघटित क्षेत्राच्या चालीवरून बांधला जाई, आणि माझ्या मते या सगळ्या पद्धतीतला सर्वात कच्चा दुवा तोच. समजा गल्लीत एका कंपनीचे क्लाउड किचन (बसून खायची सोय नसलेले, फक्त ऑर्डरवर चालणारे स्वयंपाकघर) आले आणि काकूंचे बरेच ग्राहक तिकडे गेले. कंपनीची विक्री वाढली, ती ताळेबंदात दिसली. त्या वाढीवरून असंघटित भागही वाढला असे धरले, तर काकूंच्या नुकसानीची नोंद नफा म्हणून होते. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि जुलै २०१७ ची जीएसटी यांच्यानंतरच्या वाढदरांवर अर्थतज्ज्ञांनी मुख्य आक्षेप घेतला तो हाच. पाहणी वार्षिक झाल्याने हा दोष कमी व्हायला हवा.

पोळ्या तेवढ्याच, वाढ मात्र तीन प्रकारची

पुढच्या वर्षी केंद्रात एकही पोळी जास्त लाटली गेली नाही, एकही डबा वाढला नाही. फक्त पोळी ९ रुपये झाली, भाजी ५५. विक्री १,५०,८००, म्हणजे ११.५ टक्क्यांनी वर. कच्चा माल, गॅस वगैरे २० टक्क्यांनी महागले: ५७,२४०. मूल्यवृद्धी ९३,५६०, चालू किमतीत ६.९ टक्के वाढ. खरी वाढ किती?

विक्री आणि खर्च दोन्ही आपापल्या भाववाढीने कमी केले तर १,३५,२०० वजा ४७,७००, पुन्हा ८७,५००. वाढ शून्य, जे उघडच खरे आहे. मूल्यवृद्धीलाच विक्रीच्या भाववाढीने भागले तर ८३,८८१, उत्पादन ४.१ टक्क्यांनी घटले. आणि ४ टक्के भाववाढ दाखवणारा एखादा सर्वसाधारण किंमत निर्देशांक लावला तर ८९,९६२, वाढ २.८ टक्के.

२०११-१२ च्या मालिकेत शेतीसारखी क्षेत्रे सोडली तर कारखानदारीत आणि बहुतेक सेवांत एकाच निर्देशांकाने काम भागवले जात होते, आणि त्यात घाऊक किमतींचा भरणा मोठा होता. कच्चा माल स्वस्त होतो तेव्हा ही रीत वाढ जास्त दाखवते, महागतो तेव्हा कमी. २०२३-२४ मध्ये घाऊक किमतींची सरासरी वाढ उणे ०.७ टक्के होती. त्या वर्षीच्या वाढदराबद्दल वाद झाला तो यावरूनच. त्यात पोळीचा आकार हा आणखी एक घोळ. भाव तोच ठेवून ४० ग्रॅमचा उंडा ३५ ग्रॅमचा केला तर ती भाववाढच आहे, पण नग मोजणाऱ्याला ती दिसत नाही.

दुहेरी मोजदाद आणि बाहेरचा पैसा

दुहेरी मोजदादीवर पाठ्यपुस्तके फार शाई घालवतात, प्रत्यक्षात ती अडचण तुलनेने सुटलेली आहे. शेतकऱ्याने २८६ किलो गहू २६ रुपयांनी विकला: ७,४३६. वाशीच्या बाजारसमितीतून गिरणीपर्यंत तो ३३ रुपयांना पोहोचला: ९,४३८. पीठ ४० रुपयांनी: ११,४४०. तिन्ही विक्री मिळवल्या तर २८,३१४ होतात, उत्पन्न मात्र ११,४४०. यातले ७,४३६ गहू मध्य प्रदेशचा असेल तर त्या राज्याच्या उत्पन्नात जातात, उरलेले महाराष्ट्राच्या. किंचित कठीण आहे ती गिऱ्हाईक कोण याची ओळख. रोजच्या १२० पोळ्या जवळच्या खानावळीत जातात, महिन्याच्या २४,९६० रुपयांच्या. त्या अंतिम वस्तू नाहीत, खानावळीचा कच्चा माल आहेत. तीच पोळी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी नेली की अंतिम. हे पोळीवर लिहिलेले नसते, म्हणून खर्चाच्या बाजूने मोजताना कुटुंबांना विचारावे लागते, दुकानाला नाही.

घरात येणाऱ्या बाकीच्या पैशांचे नियम ठरलेले आहेत. यजमानांचे निवृत्तिवेतन हस्तांतरण आहे, म्हणजे चालू उत्पादनाचा मोबदला नव्हे, म्हणून उत्पन्नात नाही. जुना फ्रिज विकून आलेले पैसे नाहीत. दलालाची दलाली मात्र आहे. मोठा मुलगा तीन वर्षे दुबईत नोकरीला आहे, म्हणून तो तिथला रहिवासी. त्याने पाठवलेले पैसे राष्ट्रीय उत्पन्नात येत नाहीत, खर्चयोग्य उत्पन्नात येतात. धाकटे दीर परदेशी कंपनीच्या जहाजावर खलाशी आहेत आणि करार संपला की घरी येतात. ते भारताचेच रहिवासी, म्हणून त्यांचा पगार परदेशातून मिळालेले घटक उत्पन्न (श्रमाचा किंवा भांडवलाचा मोबदला) ठरतो: देशांतर्गत उत्पादनात नाही, राष्ट्रीय उत्पन्नात आहे. काकूंच्या दृष्टीने दोन्ही मनीऑर्डरी सारख्याच.

दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई २० रुपयांचा अंदाज काढला तेव्हा त्यांनी शेती, खाणी, कारखाने यांचे जिन्नस धरले, सेवा वगळल्या. त्या रीतीने केंद्रातला गहू मोजला गेला असता, लाटण्याची मजुरी नाही. पुढे १९३१-३२ साठी अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी जिथे उत्पादन मोजता येते तिथे उत्पादन आणि जिथे येत नाही तिथे उत्पन्न अशी सांगड घातली. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याबरोबर राव होते आणि पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही. आजची पद्धत त्याच सांगडीची वाढलेली आवृत्ती आहे.

आकडा कुठे लागतो

केंद्राची मूल्यवृद्धी ५२,३०० लिहिली काय आणि ९५,४४६ लिहिली काय, कोणाचे काय बिघडते? राज्याचे बिघडते, आणि तेही दोन उलट दिशांनी. राज्याने वर्षाला किती निव्वळ कर्ज काढावे याची मर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या टक्केवारीत असते, सर्वसाधारणपणे ३ टक्के. उत्पन्न कमी मोजले गेले तर महाराष्ट्राला कमी कर्ज काढता येते. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र केंद्रीय करांच्या वाटपात ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या अंतराला दिले होते. तिथे उत्पन्न कमी दिसणे फायद्याचे. तुटीचे प्रमाण, करांचे प्रमाण, आरोग्यावरचा खर्च, सगळे याच आकड्याने भागले जाते. म्हणून एकटा वाढदर चुकला तरी दहा ठिकाणची प्रमाणे हलतात. जानेवारी २०१५ मध्ये पायाभूत वर्ष २०११-१२ केले तेव्हा २०१३-१४ चा वाढदर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. त्यात पद्धत बदलली, माहितीचा स्रोत बदलला आणि मथळ्यातला आकडाही घटक किमतींऐवजी (अप्रत्यक्ष कर वगळून) बाजारभावाचा (ते धरून) झाला. दोन मालिकांतले वाढदर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने एवढे तरी बघून घ्यावे.

दरडोई काढताना खालचा आकडाही अंदाजाचाच आहे. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ ची; मधली लोकसंख्या प्रक्षेपित.

जिल्ह्याच्या पातळीवर उतरले की केंद्रातल्या दोघींचा प्रश्न परत समोर येतो. वांद्र्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून निघणारे राज्य आणि जिल्हा उत्पन्न हे उत्पादन जिथे झाले तिथले असते. त्यांचे २८,००० रुपये मुंबईच्या उत्पन्नात पडतात. त्या राहतात दिव्याला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. किराणा तिथे, मुलांची शाळा तिथे, पाण्याची टंचाईही तिथलीच. कल्याण, विरार, पनवेलहून रोज लोकलने येणाऱ्या सगळ्यांचे असेच होते. म्हणून मुंबईच्या दरडोई उत्पन्नात वरच्या आकड्यात त्यांचे काम असते आणि खालच्या आकड्यात ते स्वतः नसतात. ठाण्याच्या दरडोई उत्पन्नात नेमके उलट. या दोन आकड्यांवरून दोन्हीकडच्या राहणीमानाची तुलना करायची असेल तर आधी कुटुंबांच्या उपभोग खर्चाची पाहणी उघडावी. ती माणूस जिथे राहतो तिथे जाऊन विचारते.